काडतुसं भरायच्या दुपारी

आमच्या घरात नवराबायकोने दिवसाउजेडी समोरासमोर बसायची एकच सोय होती, आणि ती म्हणजे बंदुकीची काडतुसं भरणं. लग्न होऊन मी कल्याणला आले तेव्हा हे जंगलखात्यात नोकरीला होते. वर्षातले आठ महिने मुरबाड-शहापूरच्या रानात फिरती. घरी येत ते दोन-तीन दिवस, आणि तेही सगळ्यांच्या वाटणीचे. जेवताना वाढायला मी आणि बोलायला सासूबाई. माझ्या वाट्याला आपलं ‘भात वाढू का’ एवढंच, तेही मान खाली घालून.

रानात बिबळ्याची भीती, म्हणून खात्याची रायफल बरोबर असे. तिची काडतुसं विलायतेहून वेळेवर येत नसत, म्हणून उडालेल्या काडतुसांची पितळी नळकांडी हे घरी आणून पुन्हा भरत. बुडाला नवी टोपी, म्हणजे घोडा आपटला की ठिणगी पाडणारी बारीकशी वाटी, बसवायची, मापाने दारू ओतायची, वर पुठ्ठ्याची चकती आणि त्यावर शिशाची गोळी. दारूजवळ दिवा नको, चूल नको, म्हणून हे काम दुपारीच आणि मागल्या पडवीत. घरात स्थिर हात माझा, हे त्यांनी माझ्या शिवणावरून हेरलं होतं. सासूबाई तिकडे फिरकत नसत. “घर उडवाल एक दिवस,” म्हणत आणि पुढच्या ओसरीवर जाऊन बसत. त्यांची ती भीती मी कधी कमी होऊ दिली नाही.

तास-दीड तास मिळे. मी दारू भरायची, त्यांनी गोळी बसवायची. कुठल्या पाड्यावर नाचणीची भाकरी खाल्ली, कुठला शिपाई रानडुकराला भिऊन झाडावर चढला आणि वर माकडं भेटली, हे सगळं मला तेव्हा कळे. मी हसले की हात हलतो म्हणून रागवत, आणि पुन्हा स्वतःच हसवत. ते परत गेले की मी त्या दुपारी मनात उगाळत बसायची.

नव्या भरणीतली तीन-चार काडतुसं आधी शहाडला नदीच्या दरडीवर उडवून पाहायची, मगच बाकीची रानात न्यायची, असा त्यांचा नेम होता. एकदा ते सकाळी गेले आणि लगेच परतले. उजवा खांदा चोळत होते. मला पडवीत बोलावलं आणि ताटात तीन रिकामी नळकांडी ठेवली. शेजारी मागच्या भरणीतलं एक.

“आधी जुनं बघ, मग ही तीन.”

जुन्याची टोपी कडेला जराशी गोल होती. पहिल्याची दाबून इतकी सपाट झालेली की टोपी कुठे संपते आणि पितळ कुठे सुरू होतं ते बोटाला लागेना. दुसऱ्याच्या टोपीभोवती काजळी, म्हणजे धूर मागे निघाला होता. तिसरं तर आतच अडकलं, ते गजाने ठोकून काढावं लागलं होतं, आणि त्याच्या बुडाजवळ केसाएवढी चीर होती.

“आत जोर जास्त झालाय,” ते म्हणाले. “ही चीर आणखी उघडली असती तर सगळा जाळ माझ्या डोळ्यांत. अगं, माप कसं भरलंस?”

मी शीग ठेवली होती. माझ्या माहेरी भातशेती. आपल्या माणसाला धान्य मोजून देताना मापावर शीग ठेवायची, हात फिरवून सपाट केलेलं माप परक्याला, अशी आमची रीत. मागच्या खेपेला जखमी बिबळ्या अंगावर आला होता, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं की जास्त दारू म्हणजे जास्त राखण. मापावर पट्टी फिरवायची, ती मी फिरवलीच नव्हती. वरची दारू दट्ट्याने दाबून दाबून आत बसवली होती.

“इकडच्या जिवाला जपायला म्हणून...” एवढंच बोलले आणि रडू फुटलं. त्यांचे डोळे गेले असते, ही भीती होतीच. आणि खरं सांगायचं तर दुसरीही भीती होती. त्यांनी सासूबाईंना एक शब्द सांगितला असता, तर हे काम जन्मात पुन्हा माझ्या हाती आलं नसतं.

त्यांनी चीर पडलेलं नळकांडं ताटातून बाजूला काढून ठेवलं. मग म्हणाले, “बिबळ्याच्या आधी तूच मारली असतीस मला, मायेने.” आणि हसले. “बस. सगळी फोडून पुन्हा भरायची आहेत.”

चाळीस होती. गोळ्या पकडीने ओढून काढल्या, दारू कागदावर ओतली, एकेक माप पट्टीने सपाट करून पुन्हा भरलं. उन्हं पडवीतून अंगणात गेली. सासूबाईंनी दोनदा हाक मारली आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, “आई, दारू अजून उघडी आहे.” माझ्या लहानपणाबद्दल त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. इतका वेळ आम्ही आधी कधी एकत्र बसलो नव्हतो, आणि नंतरही नाही.

पुढे नऊ वर्षं मी माप भरलं. एकदाही चुकले नाही. शहाडहून आलेल्या टोप्या मी आधी बघायची, मगच त्यांना पाणी द्यायची. हात इतका बसला की काम तासाच्या आत उरकू लागलं. ते कौतुक करत, आणि मला ते कौतुक नको असे.

मग रानातल्या तापाने ते गेले. खात्याचा माणूस येऊन रायफल घेऊन गेला.

त्या दुपारची आठवण आली की अजून जीव कासावीस होतो. नऊ वर्षांत मला एकदाही कसं सुचलं नाही? तशी दुपार पुन्हा मिळवायला खरोखर चुकायची गरजच नव्हती. सगळी भरून झाली की नुसतं म्हणायचं होतं, “एखाद्या मापाला शीग राहिली असावी, कोणत्या ते आठवत नाही.” खोटं त्यांना लगेच कळलं असतं, आणि तरीही त्यांनी सगळी पुन्हा फोडायला घेतली असती.