सहाव्या खुंटीवरची पिशवी

पाळणाघराच्या दाराजवळ भिंतीला सहा खुंट्या होत्या. परवाना सहा मुलांचा, म्हणून खुंट्या सहा, गाद्या सहा आणि चपलांच्या फळीवर खणही सहाच.

घर चालवणारीला सगळे थोपटमावशी म्हणत. हे नाव मुलांनी पाडलं, मग त्यांच्या आयांनी उचललं आणि शेवटी तिचा नवराही चिडवायचं असलं की तेच म्हणू लागला. दुपारची जेवणं उरकली की मावशी पडदे ओढायची, खोलीच्या मधोमध बसायची आणि सहा गाद्या आपल्याभोवती मांडायची, घड्याळातल्या आकड्यांसारख्या. मग डोळे मिटून थोपटायला सुरुवात. एका पाठीवर थोडं, मग शेजारच्या, मग त्याच्या शेजारच्या. हात फिरत राहायचा. कोण झोपलं, कोण नुसतं सोंग करतंय, हे तिच्या तळव्याला कळायचं.

तिचा आणखी एक नियम होता. संध्याकाळी मुलाला न्यायला येणाऱ्याने दाराबाहेरून मुलाचं नाव घ्यायचं, मुलाने आतून ओ द्यायची, मगच कडी निघायची. सख्खी आई असली तरी. एकदा एक आजोबा, ज्यांना डोळ्यांनी फारसं दिसत नसे, दुसऱ्याचंच झोपलेलं मूल खांद्यावर टाकून थेट बसथांब्यापर्यंत गेले होते. वाटेत मुलाने डोळे उघडले आणि भोकाड पसरलं तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. त्या दिवशी मावशीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हापासून हा नियम.

पाळणाघराचं गणित सोपं होतं आणि म्हणूनच निर्दयी होतं. पाच मुलांच्या पैशांत भाडं, वीज, दूध, साबण आणि लादी पुसायला येणाऱ्या बाईचा पगार भागायचा. सहाव्या मुलाच्या पैशांत मावशी आणि तिचा नवरा जेवायचे. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. काम भरपूर होतं, पण कंत्राटदार पैसे द्यायचं नाव काढत नव्हता.

अशात सहावी मुलगी गेली. तिच्या वडिलांची बदली झाली. पोरगी मावशीच्या गळ्यात पडून रडली, पण जाताना खुंटी मात्र रिकामी करून गेली.

नव्या आया चौकशीला येत. मावशी त्यांना मुद्दाम दुपारी बोलवायची, कारण झोपलेली मुलं सगळ्यांनाच गुणी दिसतात. पण बायकांची नजर मुलांवर ठरतच नसे. ती नेमकी रिकाम्या गादीवर जायची.

"एक जागा रिकामी का हो?" एकीने विचारलं.

"बदली झाली त्यांची."

"हं. बदलीच ना?" असं म्हणून ती जी गेली, ती पुन्हा फिरकली नाही.

भाड्याचे पैसे पोटाला लागू लागले आणि भाडं थकलं. वरच्या मजल्यावर राहणारे घरमालक एके दिवशी जिना उतरून आले. भला माणूस होता, आवाज चढवायचा नाही. "शिकवणीवाले सर जागा मागतायत," ते म्हणाले. "महिनाअखेरीपर्यंत मागचं मिटवा आणि पुढचं आगाऊ द्या. नाही जमलं तर राग मानू नका." जाताना त्यांनी हातानेच खोलीची रुंदी मोजल्यासारखं केलं.

त्या आठवड्यात मावशीची जाऊ आली. ती कापडाच्या दुकानात विक्रीला होती आणि जगातल्या प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे दुकानातला उपाय असायचा.

"अगं, रिकामा हँगर काचेत कोणी टांगतं का?" जाऊ म्हणाली. "आम्ही माल संपला तरी जुना शर्ट लटकवून ठेवतो. गिऱ्हाइकाला जे दुसऱ्याचं असतं ना, तेच हवं असतं."

"म्हणजे मी काय मूल लटकवू?"

"मूल कशाला? पिशवी लटकव."

दोघी खूप हसल्या. दुसऱ्या दिवशी सहाव्या खुंटीवर एक निळी पिशवी आली. फळीवर जुन्या बाजारातून आणलेले छोटे बूट आले. आणि दुपारी सहाव्या गादीवर एका घोंगडीची वळकटी करून मावशीने तिच्यावर चादर पांघरली, कोपरे नीट खोचले. अंधाऱ्या खोलीत ते हुबेहूब पालथं झोपलेलं मूल दिसत होतं. आता ती नव्या आयांना सांगणार होती की सगळ्या जागा भरल्या आहेत, फक्त हा एक महिनाअखेरीला जाणार आहे.

पहिल्याच दुपारी तिची पंचाईत झाली ती घरातूनच. मुलांत एक चार वर्षांची पोरगी होती. तिला मावशी इन्स्पेक्टर म्हणायची, कारण तिला प्रत्येक गोष्टीचा जबाब लागायचा.

"हा कोण?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"नवीन आहे. झोप तू."

"जेवला नाही तो."

"त्याला बरं नाही."

"मग डॉक्टरकडे ने की."

"तू झोपतेस का आता?" मावशी म्हणाली आणि विषय तोडला. पण शब्द तोंडातून गेले ते गेले. दुसऱ्या दिवसापासून इन्स्पेक्टर आपल्यातलं अर्धं बिस्कीट त्या गादीच्या उशाशी ठेवू लागली. संध्याकाळी बिस्कीट तिथे नसायचं. रांगणारा एक गुटगुटीत गडी होता, त्याला सगळे ढेकर म्हणत. मावशीने ते त्याच्या खात्यावर जमा केलं.

मग बुटांचं सुरू झालं. मावशी बूट ठेवताना टाचा भिंतीकडे ठेवायची. संध्याकाळी बघावं तर टाचा बाहेर. एकदा तळव्यांना ओली माती होती. अंगणात तर फरशी होती.

"पोरं घालून बघत असतील," नवरा म्हणाला. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला यंत्रातलं कारण असायचं.

"ढेकरला मोठे होतात, बाकीच्यांना लहान," मावशी म्हणाली.

"मग तूच उलटे ठेवत असशील, आणि विसरत असशील. थकली आहेस तू."

थकली तर होतीच. त्या दुपारी डोळे मिटून थोपटताना तिचा हात सवयीने फिरत गेला. इन्स्पेक्टर, ढेकर, मग पुढचे, मग सहावी गादी. वळकटीवर दोन थापा पडल्या तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण घोंगडीला थोपटतोय. ती स्वतःशीच हसली आणि हात उचलणार, तेवढ्यात हाताखालची चादर हळूच वर आली. आणि खाली गेली. पुन्हा वर आली.

मावशीने डोळे उघडले नाहीत. तिचा तळवा सांगत होता की हे मूल अजून झोपलेलं नाही, नुसतं सोंग करतंय. ती थोपटत राहिली. पाठ हळूहळू सैल पडली, श्वास लांब झाला. मग तिने हात काढला, डोळे उघडले आणि चादर ओढली. आत घोंगडी होती. गरम होती.

"खिडकीतून तिरीप येत असेल," नवऱ्याने संध्याकाळी गादीवर हात ठेवत सांगितलं.

"पडदे बंद असतात."

"मग ढेकर लोळला असेल."

तिने घोंगडी झटकून घडी घातली.

त्याच आठवड्यात ते कमी दिसणारे आजोबा नातवाला न्यायला आले. नाव घेतलं, ओ आली, कडी निघाली. आजोबा नातवाचा हात धरून उंबऱ्यावर थांबले आणि खूश होऊन म्हणाले, "आज डोळ्यांना बरं दिसतंय बघा. नवीन पोरगं आलंय ना? दाराशी उभं होतं मघाशी, बूट घालून. त्याला न्यायला फार उशिरा येतात का हो?"

मावशीने नातवाची पिशवी आजोबांच्या खांद्याला अडकवली.

"लवकर या म्हणावं," आजोबा म्हणाले. "वाट बघणारं मूल वाईट दिसतं."

आणि नेमक्या त्याच दिवसांत गळाला मासा लागला. बँकेत काम करणाऱ्या एक बाई आल्या. दारातून सहा गाद्यांकडे पाहिलं, सहाव्या गादीवर झोपलेला पाहिला आणि लगेच म्हणाल्या, "हा जाणार तो? मग ती जागा माझ्या मुलाला. आजच तीन महिन्यांचं आगाऊ देते, दुसऱ्या कोणाला सांगू नका." जावेचं म्हणणं शब्दन् शब्द खरं ठरलं होतं. मावशीने ते पैसे पदरात घेतले आणि तसेच वर नेऊन घरमालकांच्या हातात ठेवले. जीव भांड्यात पडला. जागा राहिली.

आता फक्त सहाव्याला जायचं होतं.

शुक्रवारी सकाळीच तिने निळी पिशवी काढली, बूट काढले, वळकटी सोडून घोंगडी घडी करून कपाटात ठेवली. दुपारी बँकेतल्या बाई मुलाला तासभर बसवून बघायला घेऊन आल्या. पोरगा गोड होता, सगळ्यांशी खेळला. पण गादीजवळ आला आणि थांबला.

"इथे दुसरा झोपलाय," तो म्हणाला.

"कोणी नाही रे राजा," आई म्हणाली. "बघ, रिकामी आहे."

"तो सरकत नाहीये."

मग तो असा काही रडला की पाचही मुलं उठून बसली. इन्स्पेक्टर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मावशी, त्याला न्यायला कोणी आलंच नाही," ती म्हणाली. "तू त्याची पिशवी कशी काढलीस?"

बाईंनी मुलाला कडेवर घेतलं. "सोमवारी बघू," त्या म्हणाल्या. "पण तेव्हाही असंच झालं तर पैसे परत लागतील मला. चालेल ना?"

पैसे तर वरच्या मजल्यावर जाऊन बसले होते. मावशी म्हणाली, "चालेल."

संध्याकाळी सगळी मुलं गेल्यावर नवरा कामावरून आला. ती दाराला टेकून बसली होती. मांडीवर निळी पिशवी, पिशवीवर बूट.

"तो जाणार नाही," ती म्हणाली. "माझाच नियम आहे. कोणी न्यायला आल्याशिवाय मी मूल सोडत नाही. तू बाहेर जा आणि त्याला ने."

"मी? अगं, मी काय त्याचा बाप आहे?"

"आज हो."

नवरा हसणार होता. तिचा चेहरा बघून तो गुपचूप उठला, बाहेर गेला. तिने कडी लावली. बाहेरून टकटक झाली.

"आमच्या मुलाला न्यायला आलोय," तो म्हणाला.

"नाव?"

बाहेरून दबक्या आवाजात, "काय सांगू? तू काय ठेवलंस त्याचं?"

मावशीने पिशवी आणली, बूट आणले, त्याला आजारीसुद्धा पाडलं, पण नाव ठेवायचं राहूनच गेलं होतं. बिननावाच्या मुलाला कोण आणि कशी हाक मारणार? तिच्या पाठीमागे, अंधारलेल्या खोलीत, गादीची किनार जमिनीवर घासल्यासारखं वाजलं.

"काहीही सांग," ती म्हणाली. "लवकर."

नवऱ्याच्या तोंडी पहिलं आलं ते नाव त्याने घेतलं. ते त्याचंच होतं, लहानपणीचं, घरातलं. आता जगात एकटी त्याची आईच त्याला त्या नावाने हाक मारायची.

आतून ओ आली. बारीक, झोपाळू.

मावशीने कडी काढली. नवऱ्याने एका हातात पिशवी आणि बूट घेतले, दुसरा हात थोडा खाली सोडला, जसा लहान मुलाच्या बोटांसाठी सोडतात, आणि तो रस्त्याला लागला. एकदा तो थांबला, कडेला झाला, सायकल जाऊ दिली. पुन्हा चालू लागला.

परत आला तेव्हा हात रिकामे होते.

"ओ तू छान दिलीस," तो म्हणाला. "मी खरंच दचकलो."

मावशीने तोंडही उघडलं नव्हतं. "कुठे सोडलंस?" तिने विचारलं.

"कोपऱ्यावर. म्हणाला, इथून मला ठाऊक आहे."

"कोण म्हणाला?"

"काय?" नवरा म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

सोमवारी बँकेतल्या बाईंचा मुलगा आला, सहाव्या गादीवर पालथा पडला आणि मावशीच्या चार थापांत ढाराढूर झोपला. खुंटीवर त्याची लाल पिशवी लटकली. इन्स्पेक्टरने खोलीभर नजर फिरवली आणि आपलं बिस्कीट अख्खं खाल्लं. सहाच्या सहा जागा भरल्या होत्या. तळव्याला सहाच पाठी लागत होत्या. खूप दिवसांनी मावशीने दुपारी चहा केला आणि तो गरम असताना प्यायली.

रविवारी सासूबाईंचा फोन आला. नेहमीसारखी तब्येतीची चौकशी झाली, पाळणाघर भरलं हे ऐकून त्यांना बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "दे बरं त्याला." आणि त्यांनी लेकाचं ते घरातलं नाव घेतलं.

नवरा समोरच बसून गळका नळ खोलत होता. फोनचा आवाज मोठा होता. तो वळला नाही.

सासूबाईंनी पुन्हा हाक मारली. तो नळाची चकती दिव्याकडे धरून बघत राहिला.

मग मावशीने स्वतः ते नाव घेतलं. आधी हळू, मग जोरात.

नवऱ्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे दाराकडे पाहिलं. "कोणाला हाक मारतेस?" त्याने विचारलं. "मुलं तर आज नाहीत."

"अगं, कुठे गेला तो?" फोनमधून सासूबाई विचारत होत्या. "आहे ना घरात?"

मावशीने फळीकडे पाहिलं. तिथे नवऱ्याच्या मोठ्या चपला होत्या, टाचा भिंतीकडे.

"नाही, आई," ती म्हणाली. "मघाशीच गेला. कोपऱ्यापर्यंत."