नागकेशर आणि विभूतीचं पाणी

हल्ली सत्कारात हाराऐवजी रोप देण्याची चाल पडली आहे. हार संध्याकाळी टाकून देता येतो. रोपाची तशी सोय नसते. निवृत्तीच्या समारंभात मला नागकेशराचं रोप मिळालं. निवेदकाने ‘घाटातला दुर्मीळ वृक्ष’ म्हणून टाळ्याही घेतल्या. धो धो पावसात, डोंगराच्या सावलीत वाढणारं हे झाड लातुरात बोअरच्या खाऱ्या पाण्यावर काय करील, याविषयी कोणी बोललं नाही. मीही नमस्कार करून खाली बसलो.

घरी अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या कुंडीजवळ खुर्ची टाकून बसले. उदगीरच्या किराणा दुकानात त्यांनी जन्मभर सुकं नागकेशर विकलं. कोणी मसाल्याला नेई, कोणी महादेवाला. ताजं फूल मात्र त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं.

“पांढरं असतंय म्हणतेत, आत पिवळा गोंडा,” ते म्हणाले. “एक घरचं फूल लिंगावर वाहिलं की झालं माझं.”

अप्पांनी ऐंशी ओलांडली आहे. नागकेशराला फूल यायला किती वर्षं लागतात ते मी पुस्तकात पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं.

मी काळ्या मातीऐवजी पालापाचोळ्याचं खत भरलं. एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत साठवून घालू लागलो, कारण त्यात क्षार नसतो. तरी पानं पिवळी पडली, कडा करपल्या. त्याचं कारण एका सकाळी दिसलं. अप्पा रोज गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा करतात. पूजेचं पाणी पायाखाली येऊ नये म्हणून झाडाच्या बुडाशी ओतायचं, ही आमच्या घरची रीत. इतकी वर्षं ते दारच्या कण्हेरीला जायचं. आता ते नागकेशराला जात होतं, भरपूर विभूतीसकट. विभूती म्हणजे अखेर राख, आणि राख म्हणजे क्षार.

“अप्पा, हे पाणी कण्हेरीलाच घाला की.”

“कन्हेरीला काय धाड भरलीय? आजारी हे हाय.”

“याला राख सोसत नाही.”

“राख चुलीत असती. ही विभूती हाय. लहानपनी तुला ताप आला की हीच लावत होतो कपाळाला. मेलास का?”

मी समोर धडधाकट उभा होतो.

मग सावलीचं निमित्त करून मी कुंडी गच्चीवर जिन्याच्या आडोशाला नेली. दुसऱ्या सकाळी अप्पा तांब्या घेऊन, पायरी-पायरीवर टेकत, वर निघाले. गुडघ्यांचं काय, असं विचारलं तर “इरली, इरली,” म्हणाले. असू दे म्हणायचं असलं की ते कानडीत म्हणतात. दुपारी मी कुंडी खाली आणली.

बायको बघत होती. “गावोगाव अंधश्रद्धेवर भाषणं देत हिंडलात. एक घरात देऊन बघा.”

दिलं नाही. अप्पांना माझं म्हणणं पटलं तर काय, याचीच भीती वाटली. ज्या फुलासाठी ते थांबलेत, ते आपल्याच पूजेने जातंय हे कळल्यावर त्या माणसाने सकाळी तांब्या घेऊन कुठे जायचं?

तेव्हापासून असं चाललंय. अप्पा विभूतीचं पाणी ओततात. ते नाश्त्याला बसले की मी एसीचं पाणी ओतून राख धुऊन काढतो. जेवढी निघेल तेवढी.

मागच्या आठवड्यात शेंड्याला तांबूस पालवी फुटली. अप्पांनी हाका मारून सगळं घर गोळा केलं.

“राख म्हणत होतास न्हाई का? बघ!”

“हाव, अप्पा.”

दुसऱ्या दिवशी तांब्यातलं पाणी ताकासारखं पांढरं होतं. मी एसी लावला, बादली नळीखाली सरकवली. लातूरच्या कोरड्या हवेत तोही फारसा गळत नाही.