पांढऱ्या टेपचे तीन वेढे

कानमास्तरांना ते नाव कुणी दिलं हे आता कुणालाच आठवत नाही, पण दिलं ते नेमकं. गाडी गॅरेजात शिरताना ते मान तिरपी करून उभे राहायचे आणि बॉनेट उघडायच्या आधीच सांगायचे, "तिसरा प्लग गेलाय." तीस वर्षांत कान फारसा चुकला नव्हता. म्हणून तर नर्सबाईंच्या गाडीने त्यांना पार चक्रावून टाकलं होतं.

गाडी वीस वर्षांची. कार्बोरेटर जाऊन कॉम्प्युटर आला त्या सुरुवातीच्या काळातली. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या जखमा बांधायला नर्सबाई तिच्यातून घरोघरी जायच्या. महिन्यापूर्वी इंजिनाच्या वरच्या अंगाला थेंब थेंब पाणी गळत होतं, ते मास्तरांनी थांबवलं. दोनच दिवसांनी गाडी काळा धूर ओकायला लागली. थंड असताना शहाण्यासारखी चालायची, तापली की खोकून बंद.

"शनिवारपर्यंत झाली तर झाली," नर्सबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. मधेच बंद पडणारी गाडी घेऊन मी पेशंटकडे कशी जाऊ, मास्तर?"

त्यावर मास्तर घरी बायकोला म्हणाले होते, "ही जमली नाही तर शटर ओढतो. आपले दिवस संपले म्हणायचं."

आज शुक्रवार होता, आणि दुपार होत आली होती.

कान सांगत होता की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतंय. जुन्या गाडीत एक स्क्रू अर्धा वेढा फिरवला असता तर काम झालं असतं. इथे फिरवायला स्क्रूच नव्हता. सीटखाली एक पत्र्याचा डबा होता आणि त्याला तारांचा झुबका. काही तारा बातमी आणतात, म्हणजे हवा किती आली, पाणी किती तापलं. काही तारा हुकूम घेऊन जातात, म्हणजे पेट्रोल इतकं सोड, ठिणगी आता टाक. सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याने एवढं समजावलं होतं. एक झेरॉक्सही दिली होती. डॅशबोर्डखालच्या सॉकेटात वाकवलेली तार घालून चावी फिरवली की पिवळा दिवा डोळे मिचकावतो, ते मोजायचे. एक लांब, चार छोटे. झेरॉक्समध्ये त्याच्यापुढे लिहिलं होतं: पाण्याच्या तापमानाचा सेन्सर.

मास्तरांनी सेन्सर बदलला. एक लांब, चार छोटे. दुसऱ्या दुकानातून आणून पुन्हा बदलला. एक लांब, चार छोटे. तार तपासली, तर ती धडधाकट. मग तो दिवा खोटं बोलतोय की झेरॉक्स, की आपल्यालाच आता मोजता येत नाही? कान लावून ऐकावं, तर डबा हूं की चूं करत नव्हता.

शेवटी त्यांनी नवा सेन्सर काढला, खिशात टाकला आणि गॅरेजमागच्या घरात गेले.

"एक पातेलं दे. पाणी तापवायचंय."

बायको जमिनीवर बसून इस्त्रीची जळकी वायर बदलत होती. तिने मान वर केली नाही. "दुधाचं सोडून कुठलंही घ्या. आणि घासून ठेवा."

मास्तरांनी तापत ठेवलेल्या पाण्यात सेन्सरचं टोक बुडवलं. मीटरची एक तार त्याच्या वरच्या शेंड्याला लावली, दुसरी पितळी अंगाला. पाणी तापेल तसा मीटरवरचा विजेच्या अडथळ्याचा आकडा उतरत गेला, अगदी उतरायला हवा तसा.

"हा ठणठणीत आहे," ते हताश होऊन म्हणाले. "मग गाडीत बसवला की याला होतं काय?"

बायको आता वळून बघत होती. "इथे तुम्ही दोन तारा लावल्यात. गाडीत किती असतात?"

"एकच. शेंड्याला."

"आणि दुसरी?"

"दुसरी लागत नाही गं. इंजिन लोखंडाचं, त्याच्या अंगातून परत जाते वीज."

"माझ्या इस्त्रीला दोन लागतात म्हणून विचारलं हो," ती म्हणाली. मग हात पुसून तिने सेन्सर उचलला. "आणि या आट्यांवर हे पांढरं काय गुंडाळलंय? आपल्या नळाला लावता तेच ना?"

मास्तरांनी सेन्सर तिच्या हातातून घेऊन उजेडात धरला. पाणी जिथे असेल तिथल्या आट्यांवर पांढऱ्या टेपचे तीन वेढे, ही त्यांची तीस वर्षांची सवय. महिन्यापूर्वी ते गळतं पाणी त्यांनी याच जागेच्या जुन्या सेन्सरवर टेप गुंडाळून थांबवलं होतं. नंतरचे दोन्ही सेन्सरही नीट, प्रेमाने, तीन तीन वेढे घालूनच बसवले होते. पाणी अडलं होतं आणि आट्यांतून इंजिनात जाणारी वीजही अडली होती. बिचाऱ्या डब्याला वाटत होतं की इंजिन बर्फासारखं गार आहे, म्हणून तो गार इंजिनाला लागतं तसं जास्तीचं पेट्रोल ओततच राहिला होता.

त्यांनी नखाने टेप सोलली. आटे ब्रशने घासले, गळती अडवायला खाली तांब्याची नवी वॉशर घातली आणि सेन्सर पान्याने आवळला. डब्याने जुनी तक्रार विसरावी म्हणून झेरॉक्समध्ये सांगितल्याप्रमाणे बॅटरीची तार थोडा वेळ सोडून पुन्हा जोडली. गाडी सुरू करून ते अर्धा तास स्टुलावर बसून राहिले. गाडी तापली, पंखा फिरला. धूर नाही, खोकला नाही, वॉशर कोरडी. दिव्याने डोळा उघडलासुद्धा नाही.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. मास्तरांनी चावी पुढे केली, पण हातातून सोडली नाही.

"बाई, बिघाड माझाच होता. टेप मी लावली होती. सेन्सरचं काही देऊ नका."

त्यांनी सगळं सांगितलं. नर्सबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे थर्मामीटर टोपणासकट लावला होतात," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नवीन आलेल्या करतात असं. दुसऱ्यांदा करत नाहीत."

गाडी रस्त्याला लागली. मास्तर मान तिरपी करून ती वळणापर्यंत ऐकत राहिले. तो मुका डबा आत काय विचार करतो, हे त्यांना अजूनही नीटसं कळलं नव्हतं. आत जाऊन त्यांनी पांढऱ्या टेपचं रीळ नळाच्या सामानात टाकलं.

"शटर ओढायचंय ना?" बायकोने दारातून विचारलं.

"आठ वाजता," मास्तर म्हणाले. "रोजच्यासारखं."

"मग तोवर पातेलं घासा."