लेस टूमीचा जबडा

क्लेम हेन्शके माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याला एकोणिसावं लागलं होतं. विमेरातल्या गव्हाच्या शेतावरून फुटबॉल क्लबाने त्याला मेलबर्नला आणलं. गावाकडून येणारी फुटीची पोरं मीच ठेवून घ्यायचे, म्हणून मागची खोली त्याला दिली. फुटी म्हणजे आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल, त्यात उंच आलेला बॉल उडी मारून हातांनी धरायचा असतो. इतका उंच, की पाय पलंगाबाहेर यायचे. दिवसा लाकडाच्या वखारीत काम, संध्याकाळी सराव. नुसत्या फुटीवर तेव्हा कुणाचं पोट भरत नसे.

वर्षभर राखीव संघात काढल्यावर तो पहिल्या संघात आला आणि थोड्याच सामन्यांत ते घडलं. बॉल उंच आला. क्लेम बाजूने धावत आला आणि झेपावला, नजर फक्त बॉलवर. समोरच्या संघाचा लेस टूमीही त्याच बॉलवर नजर लावून उलटा सरकत होता. क्लेमचा गुडघा त्याच्या जबड्यावर बसला. तो आवाज कुंपणाशी उभ्या असलेल्या आम्हाला ऐकू आला. पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही, कारण फाउल काही नव्हताच. टूमी मोठा सभ्य खेळाडू, आमचे लोकही त्याला मानायचे. त्याला स्ट्रेचरवरून नेलं.

रात्री क्लेमने ताटातल्या चॉप्सना हात लावला नाही.

"मिसेस क्विल, मी बॉलच बघत होतो हो."

"सगळ्यांनी पाहिलंय ते, बाळा."

पण त्यानंतर त्याची उडी आखडली. बॉल आला की तो ऐन वेळी अंग चोरायचा. आमचेच लोक कुंपणावरून ओरडायचे, "ए बगळ्या, पंख घरी विसरलास का?" प्रशिक्षकांनी त्याला परत राखीव संघात टाकलं. त्याने वडिलांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, "ये की. पेरणी चाललीच आहे." ते रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

तो बॅग भरायला लागला तेव्हा मी म्हटलं, "जा खुशाल. पण आधी टूमीला भेटून ये."

"काय तोंड घेऊन जाऊ?"

"आहे तेच घेऊन चल. मी येते बरोबर."

भोपळ्याचं सूप गाळून बरणीत भरलं आणि आम्ही ट्रेनने गेलो. दार टूमीच्या बायकोने, रीटाने उघडलं. तिने क्लेमला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हाच का तो?" मग म्हणाली, "आत ये. डोकं सांभाळ, दार ठेंगणं आहे."

टूमीचा जबडा तारांनी बांधलेला होता. तो दातांतून बोलायचा, कान देऊन ऐकावं लागे.

"मिस्टर टूमी, माझ्यामुळे तुमचा जबडा..."

"ते राहू दे. शनिवारी राखीव संघाचा सामना बघायला आलो होतो. बॉल आला आणि तू डोळे मिटलेस. असा अर्ध्या मनाने गेलास तर पुढच्या वेळी मान मोडेल कुणाची तरी. तुझीच कदाचित. चल मागे."

मागच्या अंगणात लिंबाच्या झाडापाशी तो बॉल उंच फेकू लागला. उडी मारताना अंग कसं वळवायचं, गुडघा कुठे ठेवायचा, हे तो स्वतः करून दाखवत होता. रीटा खिडकीतून ओरडली, "लेस, डॉक्टर काय म्हणालेत?" त्याने नुसता हात हलवला. क्लेमच्या हातून पहिले काही बॉल सुटले. मग एक त्याने अगदी वर जाऊन, डोळे उघडे ठेवून धरला.

"तुम्ही परत कधी खेळणार?" त्याने धापा टाकत विचारलं.

खिडकीतली रीटा आत निघून गेली. टूमीने बॉलवरची माती पुसली.

"नाही खेळणार. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय. तुझ्यामुळे नाही, असं खोटं सांगणार नाही मी. तुझ्यामुळेच. आणि तुझं काहीही चुकलं नव्हतं. दोन्ही खरं आहे, पोरा."

परतताना ट्रेनमध्ये क्लेम खिडकीबाहेर बघत होता. म्हणाला, "दोन्ही कसं खरं असेल?" घरी आल्यावर त्याने बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

ऑगस्टमध्ये त्याला पहिल्या संघात पुन्हा घेतलं, आणि पुढे तो बरीच वर्षं खेळला. टूमी प्लंबिंगचं काम करत राहिला. थंडीत त्याचा जबडा दुखायचा, ते कायमचंच झालं. हंगाम संपला की क्लेम त्याच्याकडे जायचा. दोघं काय बोलायचे कोण जाणे.

लोक म्हणतात, त्या प्रसंगाने क्लेम कणखर झाला. मला तसं कधी वाटलं नाही. जोराची टक्कर झाली की बॉल हातात असतानाही तो आधी मागे वळून बघायचा, कोण पडलंय आणि उठतंय की नाही. त्यात त्याचा वेळ जायचा. प्रशिक्षक बाकावरून शिव्या घालायचे, "हेन्शके, बॉल मार ना!" समोरचा उठून बसलेला दिसला की मगच तो मारायचा.