आधी वाच, मग पूस

मागच्या रविवारी सकाळी करंजाड्याला घरी बसून मी एक चिप पुसली... वीस मिनिटांचं काम. आज आठ दिवस झाले, तोंडाला चव नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही हॅम रेडिओवाले, म्हणजे लायसन्स काढून हौसेने वायरलेसवर बोलणारी माणसं. नेरूळच्या एका टॉवरच्या गच्चीवर आमच्या ग्रुपचा रिपीटर आहे. लांबून आलेला बारीक आवाज तो उचलतो आणि जोरात पुढे पाठवतो.

शिवाय दर दहा मिनिटांनी तो मोर्समध्ये, म्हणजे आखूड डिट आणि लांब डाच्या भाषेत, स्वतःची कॉलसाईन सांगतो... वायरलेसवरचं नाव, आमच्या बोलण्यात आयडी. ती एका जुन्या चिपमध्ये भरलेली असते... पाठीवर काचेची इवलीशी खिडकी असलेली चिप. खिडकीवर अल्ट्राव्हायोलेट दिवा धरला की आतलं सगळं पुसलं जातं.

ती चिप बारा वर्षांपूर्वी मी आणि जाधवकाकांनी भरली होती. काका रबाळ्याच्या कंपनीत मला सीनियर, राहायला दिघ्याला. मोर्स मला त्यांनीच शिकवलं आणि चिप भरायलाही.

मी म्हणत होतो, कॉम्प्युटरवर मोजूनमापून टाकू. काका म्हणाले, "मशीनचं कशाला? मी वाजवतो, तू मोज." त्यांनी कॉलसाईन वाजवली, मी रेकॉर्ड केली, आणि आवाज कुठे आहे, कुठे नाही हे तुकड्यातुकड्याने मोजत दोन दिवस चिपमध्ये भरत बसलो.

आपल्याकडच्या कॉलसाईन 'व्हीयू'ने सुरू होतात. यू म्हणजे डिट, डिट, डा. काकांचा तो डा जरा लांबायचा... दारातून निघताना माणूस चपला घालत रेंगाळतो ना, तसा. मोर्सवाले एकमेकांना अशाच हातावरून ओळखतात.

काका जाऊन दोन वर्षं झाली. रिपीटर मात्र त्यांच्याच हाताने बोलत होता...

मग ग्रुपमध्ये नवे मेंबर आले. यांचं मोर्स मोबाईलचं ॲप वाचतं, आणि ॲपला तो यू काही कळेना. ग्रुपवर मेसेज आला, "आयडीमधला यू लंगडतोय, कोणीतरी दुरुस्त करा यार." खाली हसणारे चेहरे.

मी टाईप केलं, 'तो काकांचा हात आहे'... आणि डिलीट केलं. म्हटलं, उगाच रडकं वाटेल. ग्रुपच्या सेक्रेटरीने मलाच टॅग केलं आणि मी अंगठा पाठवून मोकळा झालो. ज्या माणसाने बोट धरून शिकवलं, त्याच्यासाठी मला चार शब्द पाठवता आले नाहीत.

काकांचा एक नियम होता, "आधी वाच, मग पूस." म्हणजे चिप आधी प्रोग्रामरमध्ये, चिप वाचायच्या-भरायच्या यंत्रात, लावायची, आतलं सगळं कॉम्प्युटरवर सेव्ह करायचं, आणि मगच ती दिव्याखाली ठेवायची. दहा सेकंद लागतात. कंपनीत ज्युनिअर लोकांना मी रोज हेच ऐकवतो.

चिप गच्चीवरून काढून घरी आणली होती, आणि त्या सकाळी सेक्रेटरीचा तिसरा फोन येऊन गेला होता. मी वैतागून खिडकीवरचा स्टिकर काढला, चिप दिव्याच्या डब्यात टाकली आणि चहा ठेवायला गेलो. वाचायचं राहून गेलं... मूळ फाईल आणि रेकॉर्डिंग ज्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होतं, तो घर बदलताना मीच भंगारात दिला होता.

दुपारी चिप नव्याने भरून परत बसवली आणि नवी आयडी सुरू झाली. अगदी मापात. ग्रुपवर टाळ्या पडल्या.

सोमवारी जाधवकाकूंचा फोन. काकू मूळच्या साताऱ्याकडच्या, रेडिओच्या वाटेला कधी न गेलेल्या. "आरं, ह्यांचं मशीन बिघाडलं का? कालपास्नं दुसराच कोन तरी वाजवतोय."

मला आधी काही कळेचना. मग कळलं, काकांचा छोटा सेट दोन वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर चालू होता. काकूंना मोर्सचं एक अक्षर येत नाही, पण तो लांबलेला डा त्यांना ओळखू येत होता. दर दहा मिनिटांनी...

काल दिघ्याला गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. म्हटलं, काकू, मी परत भरतो, तो डा होता तसा लांब करतो, मला आठवतंय.

काकूंनी सेट बंद केला. चार्जरची वायर नीट गुंडाळली आणि दोन्ही पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. "त्ये तू वाजिवल्यालं आसंल," म्हणाल्या. "घिऊन जा." वर चहाही दिला, आणि मी तो प्यायलो.

पिशवी समोर टेबलावर आहे. अजून उघडलेली नाही.

ग्रुपमधले हे वाचतीलच. तेव्हा डिलीट केलेली ओळ आता लिहितो, कुणाच्या उपयोगाची नसताना... तो यू लंगडत नव्हता. तो काकांचा हात होता.