पीळ की खटका?

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही हो. चार माणसं एकाच वेडामागे वर्षानुवर्षं फिरली की ते आपोआप साठतात, माळ्यावर रिकामी खोकी साठतात तसे. पाहुण्यासाठी एखादं खाली काढायला जावं, तर सगळीच अंगावर येतात!

आमचं वेड फोटोचं. चौघे आम्ही. शहापुरात स्टुडिओ असलेले जनार्दनकाका, वयानेही मोठे आणि कामातही. मुरबाडचा पद्माकर, हार्डवेअरचं दुकान. आटगावहून रोज कल्याणला नोकरीला जाणारा मिलिंद. आणि किन्हवलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारा मी. रविवार आला की कॅमेरा गळ्यात आणि ट्रायपॉड खांद्यावर. आमच्यात त्याला ट्रायपॉड कोणी म्हणत नसे, सगळे म्हणायचे स्टँड.

भांडण एकाच गोष्टीवरून. स्टँडचे पाय लांब करून पक्के करायचे, तर लॉक कुठलं चांगलं? फिरवून आवळायचं, ते पिळाचं? की पट्टी दाबून बसवायचं, ते खटक्याचं? मी आणि काका पीळवाले. पद्माकर खटकेवाला. आणि मिलिंद ज्याच्या स्कूटरवर मागे बसला असेल त्याच्या पक्षाचा!

नव्वदच्या दशकात हे भांडण चेष्टेचं होतं. पुढे काका स्कूटरवरून पडले. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर निघालं, पण मूठ काही पुरती वळेना. आणि मग काका पुन्हा रानात जाऊन स्वतः स्टँड लावून फोटो काढतील की नाही, हे त्या लॉकवर येऊन अडलं. तिथवर येतोच. आधी चेष्टेचे दिवस.

*

माहुली गडाच्या पायथ्याशी गेलो होतो. सकाळी सुळक्यांवर पहिलं ऊन पडतं, ते जेमतेम काही मिनिटं टिकतं. मिलिंद तेव्हा नवीन. काकांनी आपला पिळाचा स्टँड त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "लाव."

मिलिंदने स्टँड उलटा धरला, डोकं खाली, पाय वर, आणि लागला फिरवायला. आता उलटा धरला की पीळही उलटा होतो ना! हा सोडवायला जातोय आणि प्रत्येक लॉक आवळतोय. पद्माकर बाजूला उभा राहून नळाची चावी फिरवावी तशी हवेत बोटं फिरवून "डावीकडे रे, डावीकडे!" मिलिंद म्हणतो, "कुणाच्या डावीकडे? माझ्या की त्याच्या?"

शेवटी एकदाचा स्टँड उभा राहिला. मिलिंद घामाघूम होऊन म्हणाला, "काका, झालं! ऊन आलं का?"

काका गवतात आडवे झाले होते. टोपी डोळ्यांवरून न काढता म्हणाले, "आलं नि गेलं रे. आता टोपी घाल, डोक्याला लागेल."

*

पद्माकरला वाटलं, आपण जिंकलो. पुढच्या खेपेला आपला खटक्याचा स्टँड घेऊन आला. भातसा धरणाच्या मागच्या पाण्यावर. काका आधीपासून जाऊन बसलेले, झुडपाआड, हालचाल नाही, खोकलासुद्धा गिळलेला. समोर बगळ्यांचा थवा असा उतरलेला की बघत राहावं.

पद्माकर चवड्यांवर चालत, श्वास रोखून आला. अगदी शहाण्यासारखा काकांच्या शेजारी बसला. आणि स्टँड उघडला.

खटाक!

एक बगळा राहिला नाही हो! पद्माकर पुढचा खटका उघडायला बोट लावणार, तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं आणि म्हणाले, "आता राहू दे. ऐकायला कोणी नाय."

काकांनी त्या रिकाम्या पाण्याचाच फोटो काढला. मोठा करून स्टुडिओत दर्शनी भिंतीवर लावला. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'पद्माकर येण्याआधी इथे बगळे होते.' लग्नाच्या ऑर्डरी द्यायला येणारी माणसं विचारायची, पद्माकर म्हणजे गरुड वगैरे आहे का!

*

आता माझं ऐका. मी पिळाची बाजू घेऊन बोलणारा. पिळात काही अडकत नाही, बाहेर काही येत नाही, कसं गोळीबंद असतं, वगैरे. भाताच्या खाचरात स्टँड रोवून फोटो काढले, चिखल वर चढला, घरी आणून तसाच कोपऱ्यात ठेवला. पुढच्या रविवारी बघतो तर लॉक जागचं हलेना. जोर लावला. पक्कड आणली. विज्ञानाचा शिक्षक ना मी, उष्णतेने धातू प्रसरण पावतो म्हणून गरम पाणी ओतलं. लॉक जसंच्या तसं, माझा पाय मात्र भाजला.

माझी बायको शुभांगी हे सगळं दारातून बघत होती. आली, ओलं फडकं गुंडाळलं, एक हिसका दिला. करकर करत लॉक सुटलं!

मी म्हटलं, "कसं काय गं?"

म्हणाली, "लोणच्याच्या बरण्या इतकी वर्षं कोण उघडतंय या घरात?"

तेव्हापासून मी पिळाची बाजू घेतो, पण जरा हळू आवाजात.

*

किन्हवलीच्या पलीकडे एका माळाच्या कडेला फार सुंदर पळस फुलला होता. पद्माकरने बांधावर स्टँड उभा केला, मी एक डोळा मिटून कॅमेऱ्यातून बघतोय, मिलिंद साहेबासारखा शर्ट इन करून हातवारे करतोय, "थोडं उजवीकडे, अजून उजवीकडे." पाच मिनिटांत गाव जमा!

आमच्या भागात तीन पायांचं काही शेतात उभं राहिलं की लोक धास्तावतात. धरण झालं तेव्हा हेच, रस्ता झाला तेव्हा हेच. आधी मोजणी आली, मग जमीन गेली.

एक आजी पुढे आली. "कोनाची जमीन चाललीय, बाबा?"

मी म्हटलं, "आजी, कोणाची नाही. झाडाचा फोटो काढतोय."

"पयले फोटूच काढतात," मागून एकजण म्हणाला. "मंग नोटीस येते."

मग एक आजोबा काठी टेकत आले. स्टँडभोवती फिरले. वाकून प्रत्येक खटका बोटाने वाजवून बघितला. आणि सगळ्यांकडे वळून जाहीर केलं, "सरकारी नाय! सरकारी असता तर एक तरी खटका मोडलेला असता."

जो काही हशा झाला! आजीने पदराने डोळे पुसले नि म्हणाली, "चला, चा घ्या आता." चहा झाला, आजीचा तिच्या म्हशीबरोबर फोटो झाला. निघताना तो नोटीसवाला हळूच माझ्या कानाला लागला. "सर, मोजनीवाले नाय ना तुमी? नक्की? मंग तेवढा आमचा बांध फोटूत घ्या. शेजारी दर साली सरकवतोय!"

*

मिलिंदच्या वस्तीत जयंतीला विहारासमोर सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. काकांना मानाने बोलावलेलं. त्यांचा पिळाचा स्टँड तेव्हा नेमका दुरुस्तीला, म्हणून पद्माकरचा आणलेला. काकांनी टायमर लावला आणि मिलिंदच्या वडिलांनी त्यांना हात धरून पहिल्या रांगेत आपल्या शेजारी उभं केलं.

सगळे हसऱ्या चेहऱ्याने समोर बघतायत. टायमर टिकटिकतोय. आणि पुढच्या पायाचा खटका झालेला सैल! कॅमेरा आपला हळूहळू, हळूहळू पुढे वाकायला लागला. धावायला वेळच नाही. काका जागच्या जागी "अरे अरे अरे!" मिलिंदचे वडील शांतपणे हात जोडून म्हणाले, "घाबरू नका. जयभीम करतोय तो."

फोटोत रांगोळी फार सुंदर आली आहे. माणूस एकही नाही. कॅमेरा मात्र कडेलाच उभ्या असलेल्या पद्माकरने जमिनीला टेकायच्या आत झेलला, त्यामुळे काकांच्या जिवात जीव आला, आणि दुसरा फोटो निघाला तो आजही मिलिंदच्या घरात आहे. त्यात सगळेच्या सगळे हसतायत, इतके की कोणाचे डोळे उघडे नाहीत.

*

आणि मग ते मनगट.

काका पडले तेव्हा आम्हाला वाटलं, महिना-दोन महिने. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, मूठ आता एवढीच वळेल. स्टुडिओतलं काम ते डाव्या हाताने रेटत होते. बटण दाबायला काय, एक बोट पुरतं. पण त्यांचा तो लाडका पिळाचा स्टँड? तो उजव्या हाताला जुमानेना. रविवारी आम्ही हाक मारली की म्हणायचे, "जाऊन या तुमी. मी दुकान बघतो." रविवारी दुकान बंद असायचं.

आम्ही तिघं मुंबईला गेलो. कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो, उजवा हात खिशात घातला आणि एकेक स्टँड डाव्या हाताने उघडून बघायला लागलो. तिघंही! खिशातला हात बाहेर काढला की पद्माकर ओरडायचा, "चीटिंग!" दुकानदार बराच वेळ बघत राहिला. मग काळजीने विचारलं, "भाईसाब, कोई मन्नत है क्या?"

मी, जन्माचा पीळवाला, मीच म्हटलं, खटक्याचा घ्या.

स्टुडिओत काकांसमोर ठेवला. डाव्या हाताने त्यांनी खटका उघडला, पाय सरसर खाली आला. आम्ही टाळ्या वाजवल्या! पण रानात जमीन कुठे सपाट असते? एक पाय अर्ध्यावर ठेवायचा तर एका हाताने तो धरावा लागतो आणि दुसऱ्याने खटका दाबावा लागतो. डाव्याने धरला, उजव्याने दाबायला गेले. बोटं घसरली. पाय खाली. पुन्हा धरला. पुन्हा खाली.

मिलिंद पुढे झाला. "काका, मी धरतो ना."

"आज तू धरशील. नि मी एकटा असलो तर?" मग म्हणाले, "दुसऱ्यानं लावून दिलेल्या स्टँडवरचा फोटो दुसऱ्याचा असतो रे. ठेवून द्या तो."

पद्माकरने खटके सैल करून बघितले, तर पाय उभाच राहीना. घट्ट केले, तर काकांना दाबेनात. शेवटी काकांनीच तो उचलून पडद्यामागे ठेवला. आम्ही तिघं बाहेर आलो. मला रडू येत होतं, खोटं कशाला सांगू? त्या माणसाने मला कॅमेरा हातात धरायला शिकवला होता.

*

त्या थंडीत मुरबाडजवळ म्हसा गावच्या जत्रेला निघालो. पद्माकरचा टेम्पो. काकांना विचारायचा धीर होत नव्हता, तर तेच येऊन बसले. काखेत चटईची जाडजूड गुंडाळी, खांद्याला पिशवी. म्हणाले, "घोंगडी घ्यायचीय मला. दमलो तर पसरीन ही."

जत्रेत पोचून अर्धा तास झाला नाही, तर काका गायब!

आधी वाटलं, घोंगड्यांकडे असतील. नाहीत. देवळाकडे नाहीत. पाळण्यांकडे नाहीत. तेवढ्यात बैलबाजाराच्या बाजूने आरडाओरडा, माणसं पळतायत. एकजण धापा टाकत म्हणाला, "बैल सुटला! म्हातारा पाडला एक!"

पद्माकर तर हरवलेल्यांची नावं पुकारतात तिथे जाऊन स्वतःच माइक ओढून "काका! ओ काका!" एवढंच ओरडला, गाव नाही, नाव नाही. जत्रेतल्या निम्म्या माणसांनी वळून बघितलं.

आम्ही धावत सुटलो. वाटेत कळलं, म्हातारा नाय, भांडीवाल्याचा मांडव पाडला. बरं वाटलं, पण काका कुठायत? जीव मुठीत धरून बैलबाजारात शिरलो. एका ठिकाणी माणसांचं कोंडाळं जमलेलं. सगळे खाली वाकून बघतायत. मिलिंदने कोपराने वाट काढली.

आत जमिनीवर चटई पसरलेली. तिच्यावर एक चप्पल. आणि पुढे, चढ-उताराच्या त्या जमिनीवर, एक पाय आखूड, दोन लांब, असा तो खटक्याचा स्टँड उभा. पक्का! मागे जनार्दनकाका, डोळा कॅमेऱ्याला.

"काका!" मिलिंद थेट स्टँडच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. "काका, हा... हा लावून कोणी दिला?"

काकांनी डोळा काढला नाही. नुसता उजवा पाय वर केला, अनवाणी, आणि अंगठा हलवून दाखवला. "डाव्या हातानं धरायचं, अंगठ्यानं दाबायचं. खटाक! त्याला पाय आहेत ना रे? मग पायानंच लावला."

पद्माकर रडायला लागला. मिलिंद हसायला लागला. मी काय करत होतो ते मला आठवत नाही.

काका ओरडले, "अरे सरका की तिघं! फ्रेममध्ये बैलांपेक्षा तुमीच जास्त दिसताय!"