जांभळाच्या बियांचा लेख

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. तेवढं सांभाळून घ्या.

बाई लेख वाचून दाखवायच्या तेव्हा त्यांचा एक डोळा माझ्या विळीवर असायचा. मी भाजी चिरत ऐकायचे. हात थांबला की लगेच म्हणायच्या, "अडलं ना? थांब, बदलते." तुम्ही पाहिलं असतं तर वाटलं असतं, त्या भाजीच तपासतायत.

परळच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन बाई माहीमला एकट्या राहायच्या. मी त्यांच्याकडे स्वयंपाकाला. जगात काय संशोधन चाललंय ते त्या ब्लॉगवर मराठीत लिहायच्या. म्हणायच्या, "इंग्रजी येत नाही त्यांनी काय, व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबायचं?"

एकदा त्यांनी जांभळाच्या बिया आणि मधुमेह यावर लिहिलं. माझा हात एकदाही थांबला नाही. बाई खूश झाल्या.

लेख फिरत फिरत आमच्या चिंचपोकळीच्या चाळीच्या ग्रुपवर आला. आमच्या यांनी अर्धा वाचला, मला न सांगता साखरेच्या गोळ्या बंद केल्या आणि बियांची पूड घ्यायला लागले. एका सकाळी हाक मारली तर ओ देईनात.

हॉस्पिटलात बाई धावत आल्या. शेजारी म्हणाला, "तुमचंच वाचून केलं हो त्यांनी." बाईंनी तिथेच बाकावर मोबाइल उघडला. लेख बोटाने शेवटपर्यंत सरकवला.

"प्रयोग उंदरांवरचा होता गं. सोपं करायच्या नादात ते मी अगदी शेवटी टाकलं."

"पुसून टाका, बाई. कोणाला कळणार नाही."

"पुसलं तर ज्यांनी आधीच वाचलंय त्यांना कसं कळणार?"

डॉक्टर अजून आतच होते. बाईंनी जुन्या वाक्यावर रेघ मारली, पण ते वाचता येईल असं ठेवलं. वर लिहिलं, 'माझी चूक झाली. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. गोळ्या बंद करू नका.' मग माझा हात धरून दाराकडे बघत बसल्या.

हे शुद्धीवर आले तेव्हा बाई पायाशी उभ्या होत्या. "तुमच्याबद्दल लिहू का?"

"लिहा. नाव नका टाकू. चाळीतले हसतील."

त्यांनी लिहिलं. खाली लोक तुटून पडले. एकाने विचारलं, 'गोळ्यांच्या कंपनीनं किती दिले?' बाईंनी उत्तर दिलं, 'दिले असते तर घरात नवी विळी आली असती.' मात्र घाबरून विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या नीट समजावत राहिल्या. जेवण गार व्हायचं, मी ओरडायचे.

बाई गेल्या. ब्लॉग आहे. परवा उघडला तर त्या लेखाखाली नवा प्रश्न दिसला, 'आईच्या गोळ्या बंद करून पूड देतोय. दोन दिवस नुसती झोपून आहे. चालेल ना?'

उत्तर कोण देणार? मी कधी चार ओळी लोकांत बोलले नाही. एकेक अक्षर शोधून लिहिलं, 'नाही चालणार. आत्ता दवाखान्यात न्या. आमच्या घरात झालंय.'

मग मोबाइल समोर ठेवून बसले. पोळी तव्यावर करपली. बऱ्याच वेळाने खाली एक शब्द आला.

'निघालो.'